अलास्का क्रूझ: कॅनडातल्या व्हिक्टोरिया बंदरात उतरणार नसलात तरी कॅनडाचा व्हिसा लागतो

तुम्ही लिहिलंय की तुम्ही एच-वन-बीवर (अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर) आहात, आईबाबा साताऱ्याहून येतायत, सिएटलहून सात रात्रींची क्रूझ बुक केलीय आणि बुकिंगवाले म्हणतायत, "व्हिक्टोरियाला जहाज रात्री तीन-चार तासच थांबतं, उतरू नका, व्हिसाची गरज नाही." एका बुकिंग ऑफिसने हेच आम्हाला छातीठोकपणे सांगितलं होतं. चेक-इनला अडवलं, पैसे बुडाले, आणि त्याच ऑफिसने 'कागदपत्रांची जबाबदारी प्रवाशाची' या अटीवर बोट ठेवलं. त्याचा राग अजून आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

उतरा नाहीतर केबिनमध्ये झोपून राहा, भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतोच. अमेरिकेचा व्हिसा त्याऐवजी चालत नाही, आणि ईटीए, म्हणजे काही देशांच्या लोकांना व्हिसाऐवजी मिळणारी ऑनलाइन परवानगी, भारतीय पासपोर्टला मिळत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना कार्ड आणि पासपोर्ट पुरतो. एच-वन-बीवाल्यांना ही सवलत नाही.

हा थांबा टळतही नाही. अमेरिकेच्या १८८६च्या कायद्यानुसार परदेशी झेंड्याच्या जहाजाला सिएटलहून निघून सिएटललाच परतायचं तर वाटेत परदेशी बंदर घ्यावंच लागतं. मोठी क्रूझ जहाजं जवळजवळ सगळी बहामा, बर्म्युडा, पनामा अशा झेंड्यांची. अमेरिकी झेंड्याची छोटी जहाजं यातून सुटतात, पण ती फार महाग.

आईबाबांचा अर्ज ते भारतात असतानाच करा. फी माणशी १०० कॅनेडियन डॉलर, बायोमेट्रिक्सचे (बोटांचे ठसे आणि फोटो) ८५ वेगळे. सोबत क्रूझचं वेळापत्रक जोडा. मंजुरीनंतर स्टिकरसाठी पासपोर्ट जमा करावा लागतो, ते दिवस विमानाच्या तारखेआधी धरा. (मी व्हिसा सल्लागार नाही, नियम बदलतात, कॅनडा सरकारच्या साइटवर स्वतः तपासा.)

आता माझं ठाम मत. व्हिसा काढायचाच आहे, तर बुकिंग बदलता येत असेल तर कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरातून निघा. सिएटलची बहुतेक जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून उघड्या पॅसिफिकमधून जातात. तिथे जहाज हलतं आणि वयस्कर माणसांना त्रास होतो. व्हँकुव्हरची जहाजं बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधून जातात, दोन्हीकडे जंगल, पाणी शांत. वाटेतल्या सीमोर नॅरोज या अरुंद खाडीत भरती-ओहोटीचा प्रवाह १५ नॉटपर्यंत जातो, म्हणून तो मंदावण्याची वेळ साधून जहाज पार होतं. ती वेळ जहाजावर विचारून ठेवा आणि डेकवर या. अमेरिकेचं इमिग्रेशन व्हँकुव्हरला जहाजात चढण्याआधीच होतं, त्यामुळे लवकर पोचा.

अलास्कातल्या स्कॅगवे बंदराच्या व्हाइट पास रेल्वेत ८७३ मीटरवरच्या खिंडीपर्यंत जाऊन परतणारी फेरी घ्या, त्यात कोणी खाली उतरत नाही. फ्रेझर किंवा कारक्रॉसपर्यंतची घेतलीत तर पुन्हा कॅनडा, पुन्हा व्हिसा, आणि पासपोर्ट जहाजावरच्या तिजोरीत राहिला असेल तर खोळंबा.

हिमनदीसाठी ग्लेशियर बे हे अलास्कातलं राष्ट्रीय उद्यान असलेलाच मार्ग निवडा. तिथे दिवसाला दोनच मोठ्या जहाजांना परवानगी असते आणि पार्क रेंजर जहाजावर येऊन माहिती सांगतात. मार्जरी हिमनदीसमोर जहाज वळवतात, दोन्ही बाजूंना दिसतं, त्यामुळे तेवढ्यासाठी महागडी बाल्कनी नको. गडगडाट ऐकून मान वळवलीत तर बर्फाचा कडा पडून गेलेला असतो, कारण आवाज उशिरा पोचतो. जिथून बारीक बर्फ सारखा ओघळतोय, तिथेच नजर ठेवा.

छत्री नेऊ नका, अलास्कातल्या केचिकन बंदराच्या वाऱ्यापावसात टिकत नाही. टोपीचं रेनजॅकेट, पावसाळी पँट, आत लोकरी थर आणि ८x४२ची दुर्बीण, प्रत्येकाला वेगळी. आणि घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावा: अलास्का सिएटलच्या एक तास मागे आहे, फोन टॉवर बदलला की आपोआप वेळ बदलतो, आणि जहाज कोणासाठी थांबत नाही.