देहधारणावर लिहिताना

फोंडा

तुला अनेक आशीर्वाद.

देव येशूच्या रूपाने माणूस झाला, या ख्रिस्ती श्रद्धेवरचा तुझा लेख दोनदा वाचला. भाषा स्वच्छ आहे. पण पहिल्याच ओळीत ‘येशू हा ख्रिस्ती लोकांचा अवतार’ असे लिहून तू मोकळा झालास, तिथे मी अडखळलो.

तू पेडण्याचा. रात्रभर दशावतार बघत वाढलास, म्हणून तो शब्द आपसूक आला असेल. पण त्याच्या मागोमाग पुन्हा पुन्हा येणारा आणि कार्य झाले की परतणारा देव येतो. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते, हे एकदाच घडले, आणि घेतलेला देह त्याने कधी उतरवून ठेवला नाही. मरणातून उठला तोही हातांवर खिळ्यांचे वण घेऊन. पहाटे रंग धुवून टाकावा असे ते सोंग नव्हते. येशूचे शरीर हा नुसता भास होता, असे म्हणणारे पहिल्या काही शतकांत होतेच; चर्चने त्यांना ठाम नकार दिला. तू ‘देहधारण’, म्हणजे देवाने माणसाचा देह घेणे, हा शब्द घे.

दुसरे असे की, तू नाताळच्या गोठ्यापासून सुरुवात केलीस. गोव्यात घरोघरी गोठे दिसतात, त्यामुळे ते साहजिक आहे. पण या सिद्धान्ताचा खरा दिवस २५ मार्च, देवदूताने मरियेला ती येशूची आई होणार असा निरोप दिला तो. तिथून २५ डिसेंबरपर्यंत मोज: बरोबर नऊ महिने. देव एका मुलीच्या पोटात दिसामासांनी वाढला, असे ही माणसे मानतात. मला यात सर्वांत अद्भुत वाटते ते हेच, आणि तुझ्या लेखात त्यावर एक ओळही नाही. २५ मार्चच्या त्या सणाला एखाद्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, मिसाच्या प्रार्थनाविधीच्या वेळी मागे उभा राहा. श्रद्धेचा अंगीकार म्हणताना देहधारणाच्या शब्दांशी लोक गुडघे टेकतात. एरवी तिथे नुसती मान लववतात. गुडघे टेकायचे ते या सणाला आणि नाताळात.

निकेयाची इ.स. ३२५ची चर्चची धर्मसभा एका वाक्यात आटप. कॅल्सेडनच्या ४५१च्या धर्मसभेपाशी मात्र थांब. एकच ख्रिस्त, दोन स्वभाव, दैवी आणि मानवी: त्यांची सरमिसळ नाही, बदल नाही, तुकडे नाहीत, ताटातूट नाही. चारही शब्द नकाराचे. गूढ उलगडण्याच्या भरीस न पडता त्यांनी त्याला कुंपण घातले. ते कुंपण तू मोडू नकोस.

ख्रिस्तपुराणाला तू ‘पोर्तुगिजांचे पुराण’ म्हटलेस, तेही खोड. फादर थॉमस स्टीफन्स इंग्रज होते. १५७९ला गोव्यात आले. येशूची कथा सांगणारे त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ला सासष्टीत, रायतूरला छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्या! ही कथा इथल्या माणसाला सांगायची तर ओवीतच, हे त्या परक्या माणसाने ओळखले, याचे मला आजही भरून येते.

पुढच्या रविवारी ये. माझी प्रत काढून ठेवतो. जन्माचा प्रसंग मोठ्याने वाचू, मग तू पहिला परिच्छेद नव्याने लिही.

तुझा,
सर