झ्युग्मा बघायला जाताय? ‘जिप्सी मुलगी’ शेवटी ठेवा

तुर्कस्तानातल्या गाझियानतेपच्या झ्युग्मा मोझेक संग्रहालयात झ्युग्मा या प्राचीन रोमन शहरातल्या घरांच्या, रंगीत खड्यांच्या चित्रांनी (मोझेकने) सजवलेल्या जमिनी आहेत. तिथे शिरल्याशिरल्या बहुतेक जण ‘जिप्सी मुलगी’ हा मोझेकमधला चेहरा शोधत धावतात. तुम्ही तसं करू नका. अंधाऱ्या खोलीतला तो चेहरा बघण्याआधी डोळ्यांना खड्यांची सवय व्हायला हवी.

सुरुवात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाच्या मोझेक जमिनीपासून करा. एकच चेहरा निवडा आणि निवांत उभे राहा. गालावरचे खडे बारीक, गालाच्या वळणाने फिरणारे, पार्श्वभूमीतले मोठे. कारागिराचा हात तिथे कळतो. मग वरच्या मजल्यावरून तीच जमीन पुन्हा बघा. मधलं चित्र आणि भोवतीची किनार यांचा मेळ वरूनच उमगतो.

तुटलेल्या जागांपाशी तर हमखास थांबा, मला त्याच जास्त बोलक्या वाटतात. मेटिओकस आणि पार्थेनोपी ही ग्रीक प्रेमकथेतली जोडी चोरांनी कापून नेली होती. ती २००० साली अमेरिकेतल्या ह्यूस्टनहून परतली. जिप्सी मुलीच्याच मोझेकचे काही तुकडे ओहायोतल्या एका विद्यापीठाने १९६५ मध्ये विकत घेतले होते, ते २०१८ मध्ये घरी आले.

इतिहास थोडा वाचून जा. इ. स. २५३ च्या सुमारास इराणच्या ससानी साम्राज्याच्या स्वारीत झ्युग्मा शहर उद्ध्वस्त झालं आणि कोसळलेल्या घरांच्या ढिगाऱ्याखाली या जमिनी टिकल्या. पुढे २००० साली बिरेजिक धरणाचं पाणी चढू लागलं, तेव्हा घाईघाईने उत्खनन करून त्या वाचवल्या. भिंतचित्रं आणि खांब जमिनींसोबतच मांडलेत, त्यामुळे घराचा अंदाज येतो. अर्धा दिवस तरी हाताशी ठेवा.