कोडावर पेशीरोपण : रंग परत येतो का?

प्रश्न : माझ्या एकोणीस वर्षांच्या मुलीच्या डाव्या गालावर आणि त्याच बाजूला मानेवर कोड आहे. मलमे लावली, प्रकाशोपचारही घेतले. डाग वाढले नाहीत, पण रंगही आला नाही. आता पेशीरोपणाचा, म्हणजे निरोगी त्वचेतील रंगपेशी डागावर रोपण्याचा सल्ला मिळाला आहे. रंग खरोखर येतो का, आणि तो टिकतो का?

उत्तर : शरीराच्या एकाच बाजूला, एका पट्ट्यात येणारे कोड बहुधा लवकर स्थिरावते आणि पेशीरोपणाला सर्वांत चांगला प्रतिसाद देते, त्यामुळे आपल्या मुलीबाबत आशा धरायला जागा आहे. मात्र शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याआधी कोड खरोखर स्थिर आहे ना, हे पाहावे. निदान वर्षभर जुना डाग पसरलेला नसावा, नवा उठलेला नसावा आणि खरचटलेल्या जागी त्वचा पांढरी पडलेली नसावी. केवळ आठवणीवर विसंबू नका. जुनी छायाचित्रे काढून डागांच्या कडा ताडून पाहा. कोड धुमसत असताना घाई केली, तर रोपलेल्या पेशी तर जातातच, शिवाय जिथून त्वचा घेतली तिथेही नवा डाग उठू शकतो.

फ्रेंच डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडलेल्या आणि पुढे सुधारत गेलेल्या या पद्धतीत मांडीवरून किंवा नितंबावरून त्वचेचा अतिशय पातळ पापुद्रा घेतात. तो ट्रिप्सिन या विकराच्या (एन्झाइमच्या) द्रावणात ३७ अंश सेल्सिअसला ठेवला की वरचा थर सुटतो, आणि त्यातील रंगपेशी इतर पेशींसह वेगळ्या करून द्रवात मिसळतात. डागाची त्वचा बारीक रक्तबिंदू दिसेपर्यंत खरवडून त्यावर हे द्रावण पसरतात व पट्टी बांधतात. ती साधारण आठवड्याने निघते. घेतलेल्या पापुद्र्याच्या पाच ते दहा पट जागा यातून झाकता येते, हा या पद्धतीचा मोठा फायदा. भूल बहुधा स्थानिकच असते.

पट्टी निघाल्यावर दिसणारी गुलाबी त्वचा पाहून खचू नका. रंगाचे ठिपके काही आठवड्यांनी उमटतात आणि पूर्ण परिणाम कळायला सहा महिने ते वर्ष लागते. बोटांची टोके आणि सांध्यांवरची त्वचा कमी दाद देते. गाल आणि मान त्या मानाने अनुकूल जागा आहेत. कोड स्थिर राहिले तर आलेला रंग बहुधा वर्षानुवर्षे टिकतो, पण आजार पुन्हा जागा झाल्यास तो जाऊही शकतो, कारण पेशीरोपणाने रंग परत येतो, कोडाची मूळ प्रवृत्ती जात नाही. जखमेवर जाड, उंच व्रण येण्याची मुलीची प्रकृती असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा आणि आधी लहानशा जागेवर चाचणी-रोपण करता येईल का, हेही विचारा.