दुसरा भाग हाती येईपर्यंत तिसऱ्याला हात लावू नका

गुहागरच्या बाजूला राहता असं लिहिलंय तुम्ही. लिऊ त्सिशिन या चिनी लेखकाच्या तीन भागांच्या विज्ञानकादंबरीतलं पहिलं 'द थ्री बॉडी प्रॉब्लेम' संपलं, तिसरं 'डेथ्स एंड' घरात येऊन पडलंय, आणि मधलं 'द डार्क फॉरेस्ट' मात्र 'पत्ता सापडला नाही' असा शेरा मारून कुरियरवाल्यांनी परत पाठवलं, तेही दोनदा. आता नेटवरचा सारांश वाचून सरळ तिसरा भाग सुरू करावा का, असा प्रश्न आहे. वाचून माझं जुनं दुखणं उसळून आलं, म्हणून हे लांबण. मी देवगड तालुक्यातली.

उत्तर एका शब्दात: नको.

आता कारण. पहिल्या भागाच्या शेवटी आपल्याला कळतं की पृथ्वीवर चालून येणारे परग्रहवासी पोहोचायला अजून चारशे वर्षं आहेत, पण तोवर आपला प्रत्येक शब्द त्यांना ऐकू जातोय. माणसाच्या डोक्यात चाललेलं तेवढं त्यांना वाचता येत नाही. दुसऱ्या भागाचा सगळा डोलारा या एका फटीवर उभा आहे. चार माणसं निवडली जातात, त्यांनी आपली योजना कुणाला म्हणजे कुणालाच सांगायची नाही. वाचकालाही नाही. पाचशे पानं आपण 'हा नक्की करतोय काय' याच्यामागे धावतो, आणि सारांश पहिल्या चार ओळींत नेमकं तेच सांगून मोकळा होतो. मग उरलं काय? शिवाय तिसऱ्याची सुरुवात एकदम १४५३ च्या कॉन्स्टँटिनोपलमध्ये होते. दुसरा भाग नीट वाचलेली माणसंसुद्धा तिथे चक्रावतात. न वाचलेला माणूस पुस्तक मिटून ठेवतो आणि लिऊ त्सिशिन अवघड लिहितो म्हणून सांगत सुटतो. आणि या पुस्तकांवरची २०२४ ची टीव्ही मालिका बघून मधला भाग भरून काढण्याच्या भानगडीत तर पडूच नका. तिच्यात तिन्ही भागांतली माणसं आणि प्रसंग पहिल्याच सीझनमध्ये एकत्र कालवलेत.

(भाषेचा बाज मध्येच बदलल्यासारखा वाटला तर घाबरू नका. इंग्रजीत पहिला आणि तिसरा भाग केन लिऊने आणलाय, दुसरा जोएल मार्टिनसनने.)

आता 'पत्ता सापडला नाही'. कोकणात पत्ता म्हणजे वाडी, देऊळ आणि घराण्याचं नाव. रस्त्याला नाव नाही, घराच्या नंबराची पाटी ग्रामपंचायतीने कधीतरी ठोकली ती गंजून गेलेली. पोस्टमनला याचा काही त्रास नसतो, त्याला आमच्या गायीचंही नाव ठाऊक आहे. अडतं ते तालुक्याच्या गावातल्या त्या एका कार्यालयापाशी. कंपनीचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, कारण गाळा तोच राहतो आणि वरची पाटी तेवढी बदलते.

माझं पार्सल साधं नव्हतं. पुण्याच्या एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडून मी एक गठ्ठा घेतला होता. अनंत अंतरकरांच्या 'नवल' मासिकाचे जुने अंक, नारायण धारपांच्या काही पहिल्या आवृत्त्या, आणि मुखपृष्ठं गेलेले दोन-चार दिवाळी अंक. तुमचं 'डार्क फॉरेस्ट' उद्या दुसऱ्या दुकानातून येईल. हा गठ्ठा परत जमणारा नव्हता. विक्रेत्याने अक्षरशः माळ्यावरून काढून, धूळ झटकून, यादी करून दिला होता.

मे महिना होता. मी ओटीवर कोकमं फोडत बसले होते, दोन्ही हात कोपरापर्यंत लाल, फोन शेजारी पाटावर. मेसेज आला: 'ग्राहक घरी उपलब्ध नाही'. ओटीवरून आमचा रस्ता पार वळणापर्यंत दिसतो. सकाळपासून मासेवाली सोडून एक चाक वर आलेलं नव्हतं. फोन केला तर उत्तर मिळालं, "ताई, मुलगा येऊन गेला, तुम्हीच नव्हतात." गठ्ठा पुण्याला परत. विक्रेता बिचारा सज्जन, त्याने पुन्हा पाठवला. पुन्हा परत. या खेळात पाऊस लागला आणि जुलैत एके दिवशी मेसेज आला: 'पार्सल पोहोचले'.

कुठे पोहोचले?

गेले तालुक्याला. अर्धं शटर ओढलेलं, आत पोत्यांवर पोती, कोपऱ्यात भिंतीला ओल. टेबलावरच्या माणसाने मान वर न करता स्क्रीन माझ्याकडे फिरवली. हिरव्या अक्षरांत 'डिलिव्हर्ड'. खाली सही म्हणून बोटाने ओढलेली एक आडवी रेघ आणि घेणाऱ्याच्या रकान्यात 'सेल्फ'. म्हटलं, सेल्फ म्हणजे मी, आणि मी तर इथे उभी आहे. तो म्हणाला, "सिस्टीममध्ये डिलिव्हर्ड आहे ना ताई, आता आमच्याकडून क्लोज झालं." त्यावर काय बोलणार? ज्या मुलाने आणलं त्याचा नंबर मागितला तर तो काम सोडून गेलेला.

गठ्ठा सापडला आमच्या फाट्यावरच्या एसटीच्या थांब्यात. शेजारच्या काकी दूध घालायला जाताना त्यांना बाकाखाली पुठ्ठा दिसला. "गो बाय, ह्यां तुझां तर नाय?" थांब्याचं छप्पर किती गळतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. उचलला तसा तळाचा पुठ्ठा हातातच राहिला.

तक्रारीचं थोडक्यात सांगते, नाहीतर रक्तदाब वाढेल. ईमेलला उत्तर यायच्या आधीच 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे' असा मेसेज आला. खूप भांडल्यावर पावतीच्या मागची बारीक अक्षरं दाखवली: नुकसानभरपाई फार तर शंभर रुपये. शंभर रुपयांत हल्ली धड एक दिवाळी अंक येत नाही. तुम्ही माझ्यासारखं ईमेल लिहीत बसू नका, सरळ १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा आणि तक्रारीचा क्रमांक घ्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. मी वकील नाही, तेव्हा पुढचं कुणा जाणकाराला विचारा. आणि तुमची प्रत अजून विक्रेत्याच्या हिशेबात 'परत आलेली' आहे, म्हणजे पैसे तरी सुटतील. पुढच्या वेळी ओटीपी सांगितल्याशिवाय पार्सल सुटणार नाही अशी सोय असेल तर तीच निवडा, आणि पत्ता शक्यतो बाजारपेठेतल्या ओळखीच्या दुकानाचा द्या. आमच्याकडे किराणावाल्याकडे माझी पुस्तकं गुळाच्या ढेपेशेजारी येऊन पडतात. वासाची सवय होते.

भिजलेल्या पुस्तकांचं काय करायचं ते त्या गठ्ठ्याने शिकवलं, तेवढं सांगून ठेवते. प्रश्नात नाही, पण पावसाळ्यात गुहागरला लागेल. ओलं पुस्तक उघडून बघायचा मोह आवरा, पानं फाटतात. उन्हात टाकू नका, पापडासारखी वळतात. पंख्याखाली उभं ठेवायचं, मध्ये मध्ये कोरे कागद घालायचे आणि ओले झाले की बदलायचे. एका वेळी सगळी पुस्तकं हाताळणं जमणार नसेल तर उरलेली प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सरळ फ्रीझरात. आपल्या हवेत दोन दिवसांत बुरशी धरते, ती थंडीत थांबते. मग सवडीने एकेक काढायचं. आमच्या फ्रीझरात धारप कितीतरी दिवस बांगड्यांच्या शेजारी होते आणि घरात मला वेड्यात काढत होते, पण ते धारप आज वाचता येतात. जुन्या अंकांचा साधा कागद बराचसा सुटून आला. गुळगुळीत कागदाची पानं मात्र एकमेकांना चिकटून वीट झाली, ती कशानेही सुटत नाहीत. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात, म्हणजे १८६४ पासूनच्या वाचनालयात, पाणी शिरलं तेव्हा हे कुणीतरी सगळ्यांना ओरडून सांगायला हवं होतं असं मला फार वाटलं.

आता माझा नियम, पटला तर घ्या. अनेक खंडांची मालिका सगळे खंड घरात आल्याशिवाय सुरू करायची नाही, आणि मागवायची ती मे संपायच्या आत. जून ते गणपती नवीन पार्सल नाही. त्या काळात सुटी पुस्तकं आणि कथासंग्रह. लोक हसतात, पण मुंबई-पुण्याच्या वाचकाला 'उद्या संध्याकाळपर्यंत घरपोच' मिळतं, म्हणून त्याला मालिका अर्धवट असली तरी चालते. ('गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या जॉर्ज मार्टिनच्या मालिकेचा पाचवा खंड २०११ ला आला आणि सहाव्याची अजून वाट बघताहेत. त्यांच्याबद्दल मला सहानुभूती आहे, पण तो दोष निदान कुरियरचा नाही.) आपलं खरं कुरियर म्हणजे चाकरमानी. गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत दोन पुस्तकं बसतातच. दादरला भावाकडे मागवायची आणि तो येईल तेव्हा यायची. उशीर होतो, पण ओलं काही येत नाही.

ई-रीडर घ्या असं कुणीतरी सांगेलच. घ्या की. वीज गेल्यावरही चालतो, बुरशी लागत नाही, मीही वापरते. पण 'नवल'चे ते अंक त्यात मिळत नाहीत.

दुसरा भाग येईपर्यंत काय वाचाल? तुम्हाला परग्रहावरून आलेला निरोप, त्याने माणसांत पडलेली फूट हे आवडलंय असं दिसतं. नारळीकरांचं 'वामन परत न आला' वाचलं नसेल तर आत्ता घ्या. खोदकामात सापडलेल्या एका प्राचीन वस्तूतून ज्ञान हाती लागतं आणि त्याच्यामागून संकट येतं. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले तेव्हा मी पुन्हा काढून वाचलं. काही संवाद आता जुने वाटतात, पण गोष्टीची पकड सुटत नाही. कथा हव्या असतील तर 'यक्षांची देणगी'. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली होती, आपल्या नावाकडे बघून कुणी बक्षीस देऊ नये म्हणून. बक्षीस मिळालंच. मराठीत विज्ञानकथा म्हणजे पोरांची पुस्तकं असं म्हणणाऱ्याला मी ही कथा वाचायला देते आणि गप्प बसते.

इंग्रजीत हवं असेल तर सुझाना क्लार्कचं 'पिरानेसी'. २०२० चं, एकाच खंडाचं, मालिका नाही, त्यामुळे आपल्या दृष्टीने निर्धोक. एक माणूस न संपणाऱ्या घरात राहतो, खालच्या दालनांत समुद्र, वरच्या दालनांत ढग, आणि तो भरतीची कोष्टकं मांडून कुठल्या दिवशी पाणी कुठवर चढेल ते काढतो. शहरातल्या परीक्षणांत या कोष्टकांना 'स्वप्नवत' वगैरे म्हटलेलं वाचून मला हसू आलं. आमच्याकडे होडीवाले तिथीची पाऊणपट करतात आणि तेवढ्या वाजता पूर्ण भरती धरतात. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. बंदराप्रमाणे थोडं पुढेमागे होतं, पण चालतं. पुस्तकातला तो माणूस आमच्या खाडीवर सहज रुळला असता. सध्या मी तेच दुसऱ्यांदा वाचतेय.

माझी 'डार्क फॉरेस्ट'ची प्रत रिकामी आहे. गणपती झाले की भाऊ रेल्वेने परत जाईल, गाडी चिपळूणला थांबते. फलाटावर येणार असाल तर तो देईल. पानं दुमडायची नाहीत आणि पेन्सिल लावायची नाही, एवढीच अट.

आणि एक विनंती, सगळ्यांनाच. त्या गठ्ठ्यातल्या एका दिवाळी अंकात दीपगृहावरच्या रखवालदाराची गोष्ट होती. समुद्रातून कुणीतरी त्याच्या दिव्याला दिव्याने उत्तर देऊ लागतं आणि तो ते टिपून ठेवायला लागतो. पुढची पानं वीट झालेल्या भागात गेली. मुखपृष्ठ आणि गोष्टीचं पहिलं पान आधीच नव्हतं, त्यामुळे अंक कुठला, लेखक कोण, काही कळत नाही. जाहिरातींवरून साठच्या दशकातला असावा. कुणाच्या माळ्यावर असेल तर कळवा. शेवटच्या पानांचे फोटो पाठवलेत तरी चालेल.