‘होसोगामी’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की जपानी लाकडी ठशांच्या चित्रांवर लेख लिहिताना ‘होसोगामी’ला ‘देवीचा राक्षस’ म्हटलं तर चालेल का. मी तरी नाही म्हणणार.

होसो म्हणजे देवीचा रोग, आणि गामी म्हणजे कामी, देव (जोडशब्दात क चा ग होतो). पण हा कामी नुसता दुष्ट नव्हे. एदो काळात (जपानात साधारण सतरावं ते एकोणिसावं शतक) पोराला देवी आल्या की लोक घरात त्याची मांडणी करायचे, नैवेद्य दाखवायचे आणि मग नीट मानपान करून त्याची बोळवण करायचे, आपल्याकडे मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेतात ना, साधारण तसाच मामला. राक्षस म्हटलं की हा सगळा पाहुणचार उडूनच जातो. म्हणून पहिल्यांदा ‘होसोगामी, म्हणजे देवीच्या रोगाचा देव’ असं लिहा आणि पुढे सरळ होसोगामीच ठेवा.

अपवाद एकच. योशितोशी या चित्रकाराच्या १८९० च्या चित्रात धिप्पाड योद्धा तामेतोमो या देवांना हाकलतोय (तो हाचिजो बेटावर होता म्हणून तिथे देवीची साथ शिरली नाही अशी दंतकथा), त्या चित्राच्या नावात मात्र देवाच्या आधी ‘ओनी’चं अक्षर जोडलंय, म्हणजे भूत-राक्षस, सो तिथे ‘राक्षसी देव’ खपेल.

खरा घोळ ‘होसो-ए’चा आहे. ए म्हणजे चित्र, पण ‘देवीची चित्रं’ लिहिलंत की वाचणाऱ्याला थेट तुळजापूर आठवणार! त्यापेक्षा त्यांचंच दुसरं नाव आका-ए, त्याचं ‘लाल चित्रं’ करा. ती खरोखर लाल शाईतच छापलेली असायची, दारुमा (बोधिधर्माची गोलमटोल बाहुली), किंतारो (गोष्टीतलं अचाट ताकदीचं पोर), भुतं पळवणारा दाढीवाला शोकी असले विषय, आजारी पोराला द्यायची नाहीतर त्याच्या जवळ लावायची. लालच का, तर पुरळ लालबुंद आलं की पोर वाचणार असं मानायचे, शिवाय कामीला लाल आवडतो म्हणणारे होते आणि त्याला लालाचं वावडं आहे म्हणणारेही. पोर बरं झालं की चित्र जाळायचं किंवा नदीत सोडायचं, त्यामुळे आज फारच थोडी उरलीत.

‘हाशिका-ए’ला काही अडचण नाही, गोवराची चित्रं. १८६२ च्या साथीत एदो शहरात (आजचं टोकियो) भरपूर निघाली, वर काय खावं काय टाळावं याची यादी आणि खाली लोक गोवराच्या भुताला धरून बडवतायत. इथे भूत बिनधास्त लिहा.