सगळं प्रारब्धात ठरलेलं असेल, तर प्रयत्न कशासाठी करायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पत्रिका पाहून कुणीतरी सांगितलं की नोकरीचा योग अजून तीन वर्षांनी आहे. घरचे म्हणतात, नशिबात असेल ते होईल, आणि लगेच वर म्हणतात, अभ्यास सोडू नकोस. यातलं नेमकं खरं काय, आणि अध्यात्मात माणसाच्या इच्छेला काही जागा आहे की नाही?

जागा आहे, पण आपण शोधतो तिथे नाही. आपण ती निकालात शोधतो. शास्त्र ती मनात काहीतरी उठणं आणि आपण त्याच्या मागे जाणं यांच्या मधल्या फटीत दाखवतं. उत्तर मुख्यतः वेदान्त आणि योग यांच्या अंगाने देतो. जैन आणि बौद्ध विचार वेगळे आहेत, त्यातला एकच मुद्दा पुढे घेईन.

आधी शब्द. बोलताना आपण नशीब, दैव, संचित, प्रारब्ध हे सगळं एकाच अर्थाने वापरतो आणि अर्धा घोळ तिथेच होतो. धनुर्धारी डोळ्यांसमोर आणा. भात्यात भरलेले बाण म्हणजे संचित, आजवरच्या कर्मांचा साठा. सुटलेला बाण म्हणजे प्रारब्ध, फळ द्यायला लागलेलं कर्म. हातात घेऊन आत्ता दोरीला लावत असलेला बाण म्हणजे क्रियमाण, आज करत असलेलं कर्म. सुटलेला बाण परत बोलावता येत नाही, हे खरं. पण आपण या दाखल्यातला एकच बाण लक्षात ठेवतो आणि बाकीच्या दोन्ही बाणांवरही 'सुटलेला' अशी चिठ्ठी लावून मोकळे होतो.

सुटलेल्या बाणाची हद्द किती? पतंजलींचं योगसूत्र २.१३ म्हणतं की कर्माचा विपाक, म्हणजे फळ, तीन रूपांत येतो: जाती, आयु आणि भोग. म्हणजे कोणत्या योनीत, कुठे जन्म मिळाला, किती जगायचं आणि सुखदुःखाचे कोणते अनुभव वाट्याला यायचे. त्या अनुभवाला तुम्ही काय उत्तर देणार, हे या यादीत नाही. पावसाने पीक गेलं हा भोग. त्यानंतर शेजाऱ्याच्या बांधावरून भांडण उकरून काढलं, ते नवीन कर्म. ते प्रारब्धाच्या खात्यावर टाकता येत नाही. त्याच पादात, २.१६ मध्ये, आणखी एक सूत्र आहे: हेयं दुःखम् अनागतम्. जे दुःख अजून आलेलं नाही, ते टाळायचं. सगळंच ठरलेलं असतं, तर हे सूत्र लिहायची गरज नव्हती.

आता ती फट. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात ३३वा श्लोक सांगतो की ज्ञानी माणूससुद्धा आपल्या प्रकृतीप्रमाणेच वागतो, निग्रह काय करणार? इथे पुस्तक मिटलं तर माणूस पक्का नियतिवादी होऊन उठेल. शंकराचार्यांनी भाष्यात नेमका तुमचाच प्रश्न उभा केला आहे: सगळे प्रकृतीनेच वागणार असतील, तर पुरुषप्रयत्नाला विषयच उरत नाही आणि शास्त्र व्यर्थ ठरतं. उत्तर पुढच्याच श्लोकात आहे. प्रत्येक इंद्रियाच्या विषयात राग आणि द्वेष, म्हणजे ओढ आणि तिटकारा, बसलेले आहेत. त्यांच्या ताब्यात जाऊ नये. शब्द नीट पाहा. 'राग-द्वेष उठू देऊ नयेत' असं म्हटलेलं नाही. ते उठणार, तो प्रकृतीचा भाग. प्रकृती माणसाला ओढते ती याच दोन दोऱ्यांनी, म्हणून अडवायचं ते इथेच. आचार्यांच्या मते उपाय म्हणजे त्यांच्या विरुद्ध भाव धरणं. स्वातंत्र्याची ही जागा अरुंद आहे खरी, पण आहे.

एक अडचण मात्र लपवणार नाही. १४व्या शतकातल्या विद्यारण्यांच्या नावावर असलेल्या पंचदशी या वेदान्तग्रंथात प्रारब्धाचे तीन प्रकार सांगितले आहेत: इच्छा, अनिच्छा आणि परेच्छा, म्हणजे दुसऱ्याची इच्छा. पहिला प्रकार अस्वस्थ करणारा आहे, कारण तिथे इच्छाही प्रारब्धातूनच येते. उदाहरणं आहेत कुपथ्य खाणारा रोगी आणि चोर: आपलं वाटोळं होणार हे कळत असूनही ते तेच इच्छितात. मग फट कुठे राहिली? याचं उत्तर त्यांच्याच जीवन्मुक्तिविवेकात सापडतं. प्रारब्ध तत्त्वज्ञानापेक्षा, म्हणजे सत्य कळण्यापेक्षा, प्रबळ आहे हे मान्य करून ते म्हणतात की योगाभ्यास प्रारब्धापेक्षाही प्रबळ आहे. नुसतं कळल्याने ओढ जात नाही, रोजच्या सरावाने जाते. मला हे अनुभवाच्या फार जवळचं वाटतं. साखर वाईट हे न कळणारा मधुमेही विरळाच.

ब्रह्मसूत्रं या वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथातही हा वाद आहे. ईश्वरच करवतो म्हटलं, तर त्याच्यावर पक्षपाताचा आरोप येतो. त्यावर २.३.४२ चं उत्तर असं: तो करवतो, पण जीवाने केलेल्या प्रयत्नाच्या अपेक्षेने. त्यावरच्या शंकरभाष्यातला दाखला पावसाचा. पाऊस सगळ्या शिवारावर सारखाच पडतो. भात उगवायचं की जव, हे बीज ठरवतं. मग हा प्रयत्न तरी कुठून आला? त्याच्या आधीच्या प्रयत्नातून, कारण संसार अनादि आहे. खरं सांगायचं तर या उत्तराने प्रश्न सुटण्यापेक्षा मागे सरकतो. तर्काने शेवटचं टोक गाठायचं असेल, तर इथे समाधान होणार नाही. पण उद्या सकाळी काय करायचं हे ठरवायला एवढं पुरतं.

सगळ्यात रोखठोक उत्तर मात्र वैद्यकाच्या ग्रंथात मिळतं. चरकसंहितेच्या विमानस्थानात, तिसऱ्या अध्यायात, शिष्य अग्निवेश गुरू आत्रेयांना विचारतो की आयुष्याचा काळ ठरलेला असतो का? आत्रेय म्हणतात, मागच्या देहात केलेलं ते दैव, या देहात करतो तो पुरुषकार. दुबळं दैव प्रबळ प्रयत्नाने हटतं आणि प्रबळ दैव प्रयत्नाला हटवतं. काही कर्मांचा काळ पक्का असतो, काहींचा नसतो. पुढे ते विचारतात, सगळ्यांचंच आयुष्य ठरलेलं असतं तर औषध कुणी घेतलं असतं, आणि पिसाळलेल्या हत्तीच्या वाटेतून बाजूला कशाला व्हायचं? मग गाडीच्या आसाचा दाखला येतो. चांगला आस नीट वापरला तर आपल्या ताकदीइतका चालून झिजून संपतो. पण ओझं जास्त झालं, वाट खडबडीत असली, चाक मोडलं, बैल किंवा हाकणारा वाईट निघाला, खीळ निसटली किंवा वंगण घातलं नाही, तर तोच आस मध्येच मोडतो. आसाचं लाकूड कोणतं मिळालं ते दैव म्हणा हवं तर. वंगण घालणं आपलं काम.

आता हे वापरायचं कसं? मी सुचवतो ती पद्धत गीतेच्या १८.१४ वर उभी आहे. कोणत्याही कर्माची पाच कारणं तिथे दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवं दैव. एक इशारा देऊन ठेवतो. या 'दैव'चा अर्थ सर्रास 'नशीब' असा केला जातो, पण शंकरभाष्यात तो इंद्रियांना साहाय्य करणाऱ्या आदित्यादी देवता असा आहे. सोयीसाठी आपण 'माझ्या हाताबाहेरचं' एवढाच अर्थ धरू.

रात्री दहा मिनिटं, वहीत दिवसातला एकच प्रसंग, आणि त्याखाली या पाच कारणांची पाच घरं. समजा, सराव परीक्षेत गुण कमी पडले. अधिष्ठान म्हणजे शरीर: झोप किती झाली होती, पोट कसं होतं. करण म्हणजे इंद्रियं, मन, बुद्धी: लक्ष कुठे होतं. चेष्टा म्हणजे प्रत्यक्ष काय केलं: किती प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवल्या, चुका परत पाहिल्या का. कर्ता म्हणजे 'मी करतो' म्हणणारा: तो पेपरच्या आधीच हरला होता का, की फार फुगला होता? दैव सर्वांत शेवटी, आणि पहिली चार घरं भरल्यावर जे उरेल तेवढंच. क्रम उलटा केला की पद्धत फसते, कारण दैवाचं घर आधी उघडलं की सगळं त्यातच जाऊन पडतं. दुसरी चूक याच्या बरोबर उलट असते: पाचवं घर रिकामं ठेवून सगळा दोष स्वतःवर घेणं. १८.१६ नुसार फक्त स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याला नीट दिसत नाही. अति आत्मताडनालाही हे वाक्य लागू पडतं, हे लोक विसरतात.

हे झालं घडून गेल्यावरचं. घडत असताना करायचं ते प्रतिपक्षभावन, योगसूत्र २.३३. चुकीचा विचार उठला की त्याच्या नेमक्या विरुद्ध भाव आणायचा. २.३४ मध्ये अशा विचारांची वर्गवारी आहे: स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले, नुसतं अनुमोदन दिलेले, लोभातून, क्रोधातून, मोहातून, आणि मृदू, मध्यम, तीव्र. तीन गुणिले तीन गुणिले तीन, असे सत्तावीस. सराव करायचा तो मृदू पायरीवर. लोक सुरुवातच तीव्र क्रोधापासून करतात, चारच दिवसांत हरतात आणि 'स्वभावाला औषध नाही' म्हणून सोडून देतात. मित्र पास झाल्याची बातमी ऐकून मनात आलेली बारीकशी जळजळ ही सरावाला योग्य गोष्ट. तिथे लगेच फोन उचलून त्याचं अभिनंदन करायचं; नुसता चांगला विचार आणून भागत नाही. अनुमोदनाचा प्रकार सगळ्यात सहज निसटतो: आपण कुणाची निंदा केली नाही, पण ऐकताना मान डोलावली.

पत्रिकेबद्दल. ज्योतिषाचा स्वतःचा दावासुद्धा आपण समजतो तेवढा मोठा नाही. वराहमिहिर या प्राचीन ज्योतिषाचार्याच्या लघुजातक ग्रंथात सुरुवातीलाच म्हटलं आहे की अंधारातल्या वस्तू दिवा दाखवतो, तसं हे शास्त्र पूर्वजन्मीच्या कर्माचा परिपाक दाखवतं. म्हणजे तुम्ही ज्योतिष मानत असाल तरी 'योग तीन वर्षांनी' याचा अर्थ 'तोवर अभ्यास नको' असा होत नाही. योग येईल तेव्हा परीक्षेला बसलेला माणूस तर हवा! आणि मानत नसाल तर प्रश्नच मिटला. दोन्हीकडून या वर्षीचा अभ्यास सारखाच निघतो.

घरच्यांच्या दोन वाक्यांत विसंगती वाटते, ती फक्त काळ चुकल्यामुळे. 'ठेविलें अनंतें तैसेंचि राहावें' म्हणणारे तुकोबा आणि 'असाध्य ते साध्य करिता सायास' म्हणणारे तुकोबा एकच आहेत. माझ्या वाचनाप्रमाणे पहिलं निकाल लागल्यानंतरचं आहे, दुसरं अर्ज भरण्याआधीचं. अदलाबदल केली की दोन्ही बिघडतात: आधी आळस येतो, नंतर जळफळाट.

शेवटी, प्रारब्ध हा शब्द दुसऱ्याच्या दुःखाला चिकटवू नका. पाली त्रिपिटकातल्या संयुत्तनिकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक, म्हणजे फिरता संन्यासी, बुद्धांना विचारतो, माणूस जे काही भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच, हे मत बरोबर का? बुद्ध आठ कारणं मोजून दाखवतात: पित्त, कफ, वात, तिन्हींचा मेळ, ऋतूतला बदल, विषम वागणूक, बाहेरचा आघात आणि आठवं कर्मविपाक. आजारी शेजाऱ्याकडे गेलात तर आधीच्या सातांची चौकशी करा, म्हणजे औषध घेतलंय का, जेवलाय का. आठव्याचा हिशेब त्याने स्वतः काढला तर काढू द्या, तुम्ही काढून देऊ नका.