गादीतल्या पेशी खरंच एकट्या असतात का?

प्रश्न : आईच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे. कूर्चेतल्या, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गादीतल्या, पेशी आपापल्या खळगीत सुट्या असतात, असं आम्ही शाळेत शिकलो. आता वाचनात आलं, की 'कनेक्झिन ४३' नावाच्या प्रथिनामुळे त्या एकमेकींशी संवाद साधतात आणि झिजलेल्या सांध्यात हे प्रथिन वाढतं. संवाद वाढला तर चांगलंच ना? की ते कमी करायला एखादी गोळी आहे?

उत्तर : तुम्ही जे शिकलात, तेच मी वर्षानुवर्षं शिकवलं. प्रात्यक्षिकाच्या वहीत कूर्चेच्या पेशीभोवती पांढरी कड काढली नसेल, तर मी अर्धा गुण कापत असे. आता त्याची लाज वाटते. ती कड बरीचशी रसायनांची करणी: नमुना तयार करताना पेशी आकसते. जिवंतपणी ती खळगी पुरती भरून बसलेली असते. शिवाय काप असतो जेमतेम ५ मायक्रॉन जाडीचा. पेशीने लांबवलेला बारीक हात त्या पातळीच्या बाहेर गेला, की सुरीखाली तुटलाच. मग पेशी एकटी दिसणारच.

हे हात आहेत, आणि त्यांच्या टोकाशी कनेक्झिन आहे. सहा कनेक्झिन गोल उभी राहिली, की अर्धी नळी होते. शेजारणीच्या अर्ध्या नळीशी ती जुळली, की पूर्ण. त्यातून कॅल्शियमचे आयन, ग्लुकोज, अमिनो आम्लं असं साधारण १,००० डाल्टनपर्यंतचं (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) बारीकसारीक सामान जातं; मोठी प्रथिनं नाहीत. (नावातला ४३ हा आकडा प्रथिनाच्या वजनाचा, किलोडाल्टनमधला.) कूर्चेत रक्तवाहिनी नाही, पेशींनी व्यापलेली जागाही अगदी थोडी. अशा ठिकाणी शेजारणीकडून चार घास मिळणं ही मोठी सोय आहे.

आता तुमचा खरा प्रश्न. स्पेनमधल्या एका गटाने २०१३ मध्ये निरोगी आणि झिजलेली मानवी कूर्चा तपासली. झिजलेल्या कूर्चेत कनेक्झिन ४३ जास्त होतं, आणि ही वाढ झीज सुरू होतानाच दिसत होती. पण प्रथिन जास्त म्हणजे संवाद चांगला, असं होत नाही. नळीला तिच्यातून काय चाललंय याच्याशी देणंघेणं नसतं. पोषण जातं तिथूनच 'इथे दाह आहे' असा इशाराही जातो. जोडीदार न मिळालेली अर्धी नळी तर पेशीतलं एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारं रसायन) बाहेर सोडते, आणि बाहेर पडलेलं एटीपी हा स्वतःच एक निरोप असतो. त्यातच पेशी कूर्चा बांधायची सोडून तिचे कोलॅजनचे धागे तोडणारी विकरं बनवू लागल्या, तर अधिक नळ्या असणं ही काही चांगली बातमी नव्हे.

गोळीचं विचाराल, तर कनेक्झिन कमी करणारं कुठलंही औषध गुडघ्याच्या झिजेसाठी मान्य झालेलं नाही. त्या नावाने कोणी काही विकायला आलं, तर घेऊ नका. नुसतं दडपणंही सोपं नाही. हेच प्रथिन हृदयाच्या पेशींमध्ये ठोक्याचा विद्युत संदेश पुढे नेतं. आईंसाठी मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन जास्त असेल तर ते उतरवणं, हे आजही कामाचं आहे. 'वंगण संपलं' असं कोणी त्यांना सांगितलं असेल, तर तेवढं मात्र मनावर घेऊ देऊ नका.